एका तारेवर दोघांचे बोलणे

यंदा लेख मागायला संपादकांचा फोन आला तेव्हा मी म्हटले, "तांब्याच्या तारेवर लिहीन." पलीकडे क्षणभर शांतता. मग अगदी अदबीने, "ताई, दिवाळी अंक आहे... थोडे हलकेफुलके जमेल का?" जिने उभा जन्म विद्यार्थ्यांना तारा, लहरी आणि फिल्टर शिकवले, तिच्याकडून हलकेफुलके मागणे म्हणजे अनारशाला खमंग हो म्हणण्यासारखे आहे. तरी प्रयत्न करते.

विषयाला कारण आहे. गेल्या काही महिन्यांत मंडळातल्या बऱ्याच ज्येष्ठांनी मला एकाच मजकुराची पत्रे दाखवली. ब्रिटनमधले जुने टेलिफोनचे जाळे जानेवारी 2027 अखेर बंद होत आहे. सप्टेंबर 2023 पासून त्या पद्धतीची नवी लाइन विकणे थांबलेलेच आहे. "आमच्या फोनचे काय होणार?" या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देऊन टाकते. फोन राहील, नंबरही बहुतेक तोच राहील, पण बोलणे ब्रॉडबँडवरून जाईल. जुन्या तारेला एक्स्चेंजमधूनच सुमारे 50 व्होल्टची वीज मिळत असे, म्हणून घरातले दिवे गेले तरी फोन चालू. आता राउटरची वीज गेली की फोन मुका. ज्यांच्या गळ्यात आणीबाणीचे बटण आहे त्यांनी ते नव्या लाइनवर चालते का, आणि वीज गेल्यावर आधाराला बॅटरी मिळते का, हे लाइन बदलण्याआधी विचारून घ्यावे. बदलल्यानंतर नव्हे.

एवढे झाले की पत्र खणात टाकायला हरकत नाही. मला लिहायचे आहे ते त्या तारेने केलेल्या एका वेगळ्या कामाबद्दल. ते काम आता कोणी काढतही नाही.

माझ्या टेबलाच्या खणात एक कार्ड आहे. तळहातावर मावेल एवढे हिरवे सर्किट, पुढे धातूची पट्टी, दोन स्क्रू, एक सॉकेट आणि एक-दोन बारीक दिवे. ऑफिसच्या राउटरच्या पोटात ते सरकवायचे. राउटर म्हणजे आतले जाळे आणि बाहेरचे जग यांच्यामधला दरवान. हे कार्ड त्याला बाहेरच्या टेलिफोनच्या तारेशी बोलायला शिकवते. त्याचे नाव जी.एसएचडीएसएल. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 2001 मध्ये ज्याचे मानक ठरवले, क्रमांक जी.991.2, ते हे. मानकाच्या कागदात 'एस' म्हणजे तारांची एकच जोडी. बाजारात मात्र सगळे त्याला 'सिमेट्रिक' म्हणत, आणि तेही खोटे नव्हते. एका जोडीवर सेकंदाला 192 किलोबिटपासून 2.3 मेगाबिटपर्यंत, आणि जाताना जेवढे तेवढेच येताना.

आजच्या नातवंडांना हा आकडा ऐकून हसू येईल. पण 2000 साली या देशात घरोघरी ब्रॉडबँड येऊ लागले तेव्हाची नेहमीची लाइन होती खाली 512 किलोबिट आणि वर 256. 'खाली' म्हणजे जगाकडून आपल्याकडे, 'वर' म्हणजे आपल्याकडून जगाकडे. ही भाषासुद्धा पाहा. जग वर, आपण खाली.

दोन्ही दिशांना सारखा वेग, यात विशेष काय, असे कोणी विचारेल. विशेष असे, की तारा दोनच. त्या दोन मिळून एकच वाट होते, आणि या कार्डाच्या पद्धतीत दोन्ही टोके त्याच वाटेवर, त्याच कंपनसंख्यांवर, एकाच वेळी बोलत असतात.

दिवाळीच्या आधीचे स्वयंपाकघर आठवा. एक जाऊ चिवडा परततेय, दुसरी करंज्या भरतेय, दोघी एकाच वेळी बोलताहेत आणि दोघींना एकमेकींचे सगळे ऐकू येते आहे. बाहेर बसलेल्या पुरुषमंडळींना हा चमत्कार वाटतो. खरे तर प्रत्येकीला आपण स्वतः काय बोलतो आहोत ते ठाऊक असते. ते वजा केले की उरते ते दुसरीचे. कार्ड हेच करते. मात्र त्याचे काम जावांपेक्षा अवघड आहे. स्वतःचा आवाज प्रचंड मोठा, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाहून येणारा आवाज दोन-तीन किलोमीटर येता येता क्षीण झालेला. शिवाय वाटेतल्या प्रत्येक सांध्यावरून, तारेची जाडी बदलते त्या प्रत्येक जागेवरून, आपलाच आवाज उलटा फिरतो. हा प्रतिध्वनी कसा असेल याचा अंदाज कार्ड सतत बांधते, ऊन-थंडीने तार बदलली तर अंदाज बदलते, आणि तो वजा करत राहते. याला म्हणतात एको कॅन्सलेशन.

हा विषय मला पुस्तकातून कळण्याआधी वेगळ्याच रीतीने कळला होता.

सांगलीच्या वालचंद कॉलेजातून इंजिनिअर होऊन मी 1977 मध्ये लंडनला पीएच.डी. करायला आले. आमच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या डॉक्टरांकडे होता. फेब्रुवारी 1980 मध्ये नाना गेले. तार आली, मग बऱ्याच खटपटीनंतर फोन लागला. डॉक्टरांच्या दवाखान्यात दादा उभा होता.

त्या काळी आपल्याकडचे परदेशी बोलणे नारायणगावजवळच्या आर्वी इथल्या विक्रम उपग्रह केंद्रातून जात असे. 1971 मध्ये सुरू झालेले ते केंद्र. पुणे-नाशिक रस्त्यावरून जाताना ती मोठी तबकडी लोक मुलांना दाखवत. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंच. आवाज वर जायचा, खाली यायचा, म्हणजे बहात्तर हजार किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाने धावूनही पाव सेकंद. यात आर्वीचा काही दोष नव्हता. पण एवढ्या उशिराने स्वतःचा प्रतिध्वनी कानावर आला तर माणूस बोलूच शकत नाही. म्हणून अशा लांबच्या वाटेवर एको सप्रेसर नावाची उपकरणे बसवलेली असत. त्यांचा उपाय सोपा आणि आडदांड होता: एक बोलत असेल तर दुसऱ्याकडून येणारी वाटच बंद करायची. प्रतिध्वनी गेला. पण दोघे एकदम बोलले, तर कोणाचे ना कोणाचे तुटायचेच.

माणसे दुःखात पाळीपाळीने बोलत नाहीत. दादा "अगं" म्हणे, मी "दादा" म्हणे, आणि दोघांचेही अर्धेच पोहोचे. मी काही विचारले तर त्याचे उत्तर माझ्या पुढच्या प्रश्नाखाली चिरडले जाई. शेवटी तो म्हणाला, "तू आधी बोल, मी गप्प राहतो." आणि तो खरोखरच गप्प राहिला. मला मात्र त्या मोकळ्या वाटेवर काही बोलताच आले नाही. मिनिटांचे पैसे तेवढे मोजले गेले.

माझे संशोधन तेव्हा ॲडॅप्टिव्ह फिल्टरवर, म्हणजे परिस्थितीप्रमाणे स्वतःला बदलत राहणाऱ्या गणिती गाळण्यांवर चालले होते. त्याचा उपयोग कशासाठी दाखवायचा हे ठरले नव्हते. त्या महिन्यानंतर ठरले. माझ्या टेबलावर बेल लॅबोरेटरीज मधल्या मनमोहन सोंधी यांचा 1967 चा लेख आला. सोंधी भारतातून अमेरिकेत गेलेले. कोणाचे तोंड बंद न करता प्रतिध्वनी कसा वजा करायचा, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते. अडचण एवढीच की त्याला लागणारे गणित सेकंदाला हजारो वेळा करणारी स्वस्त यंत्रे अजून आली नव्हती. 1980 नंतर चिप आल्या आणि सप्रेसर हळूहळू इतिहासजमा झाले. माझ्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरण याच विषयावर आहे. परीक्षकांनी विचारले, हाच विषय का घेतला. मी म्हटले, व्यावहारिक महत्त्वामुळे. तेही खरेच होते.

म्हणून दोन दशकांनी प्रयोगशाळेत पहिल्यांदा ही कार्डे हातात आली तेव्हा मी त्यांच्याकडे ओळखीच्या माणसाकडे पाहावे तशी पाहत राहिले. तेच गणित, आता बोलण्यासाठी नाही तर डेटासाठी, आणि सेकंदाला हजारो नव्हे तर लाखो वेळा. आम्ही दोन राउटर समोरासमोर ठेवले, मध्ये टेलिफोनच्या तारेची भलीमोठी गुंडाळी. तेव्हा एक गंमत कळली. दोन्ही कार्डे हुबेहूब सारखी, वेग दोन्हीकडे सारखा, पण आज्ञावलीत एकाला सांगावे लागे की तू एक्स्चेंज आणि दुसऱ्याला की तू ग्राहक. दोघांना 'ग्राहक' केले तर दोघेही वाट पाहत बसत. कोणी आधी बोलायचे हेच ठरत नसे. बरोबरीच्या नात्यातही पहिला नमस्कार कोणीतरी करावा लागतो. दुसरी गोष्ट प्रांतभेदाची. मानकाला जोडलेली परिशिष्टे आहेत, 'ए' उत्तर अमेरिकेसाठी आणि 'बी' युरोपसाठी. अमेरिकेतून देणगीदाखल आलेल्या एका जोडीवर 'ए' होते, आमच्याकडे 'बी'. दिवा रात्रभर लुकलुकत राहिला, स्थिर काही झाला नाही. विद्यार्थ्यांना मी म्हटले, व्याह्यांच्या घरचे रीतिरिवाज आधी विचारावेत.

आता क्रॉयडन. आपल्या गावात आमचे एक स्नेही छपाईपूर्व मजकूर जुळवण्याचे छोटे दुकान चालवत. मंडळाच्या जुन्या अंकांची पाने तिथेच लागली आहेत. पाने तयार झाली की फाइल छापखान्याकडे पाठवायची. देवनागरी फाँट, रंगीत मुखपृष्ठ, फोटो, सगळे मिळून समजा 60 मेगाबाइट. वरचा वेग 256 किलोबिट असला तर ती फाइल जायला अर्धा तास, आणि तोही लाइन एकदाही अडखळली नाही तर. अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ते वैतागून सीडी जाळत आणि मोटरसायकलवाल्या कुरिअरच्या हाती देत. त्यांना जगाकडून फारसे काही नको होते. त्यांना जगाला द्यायचे होते. नेमकी त्याचीच वाट अरुंद.

त्यांनी माझा सल्ला विचारला आणि मी त्यांना सिमेट्रिक लाइन घ्यायला लावली. भाडे घरच्या लाइनच्या कितीतरी पट, त्यासाठी तारेची स्वतंत्र जोडी (कारण या पद्धतीत साधा फोन त्याच तारेवर चालत नाही), आणि राउटरमध्ये हे कार्ड. दुकान एक्स्चेंजपासून तारेच्या लांबीने दोन किलोमीटरच्या आत होते, म्हणून पूर्ण वेग मिळाला. नकाशावरचे अंतर इथे कामाचे नाही. तार गल्लीबोळातून कशी फिरते त्यावर सगळे. अर्ध्या तासाचे काम चार मिनिटांवर आले. पहिल्या रात्री ते घड्याळ लावून बसले होते, आणि फाइल गेली तरी उठेनात. म्हणाले, गेली यावर विश्वास बसेना, म्हणून छापखान्याला फोन केला.

जाता जाता एक सांगण्यासारखे. ईस्ट क्रॉयडन स्टेशनच्या मागे चेरी ऑर्चर्ड रोडवर एके काळी क्रीड कंपनीचा टेलिप्रिंटरचा कारखाना होता. नोव्हा स्कोशियात जन्मलेले फ्रेडरिक क्रीड 1909 मध्ये क्रॉयडनला आले आणि इथेच 1957 मध्ये वारले. ॲडिस्कोममधल्या आउट्रम रोडवर त्यांच्या घरावर निळी पाटी आहे. (ॲडिस्कोममध्ये ईस्ट इंडिया कंपनीची लष्करी शाळा होती. आउट्रम, हॅवलॉक, कॅनिंग ही रस्त्यांची नावे आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून ओळखीची वाटतात ती उगीच नाही.) क्रीडच्या यंत्रांचा वेग होता सेकंदाला 50 बिट. आमच्या स्नेह्यांच्या तारेवर त्याच गावात त्याच्या चाळीस हजार पटींहून अधिक वेग मिळाला. तांबे तेच. फक्त दोन्ही टोकांना बसलेले हुशार झाले.

मग सगळ्यांनाच सिमेट्रिक का दिली नाही? याचे अर्धे उत्तर विज्ञानाचे आहे. एक्स्चेंजजवळ शेकडो घरांच्या तारा एकाच जाड केबलमध्ये येतात. घरून निघालेला संदेश तिथे पोहोचेपर्यंत थकलेला असतो, आणि शेजारच्या तारांत एक्स्चेंजचे संदेश नुकतेच ताजेतवाने निघालेले. त्या गलबल्यात थकलेला आवाज बुडतो. म्हणून घरून जाणाऱ्याला खालची, सुरक्षित पण अरुंद पट्टी द्यायची आणि रुंद पट्टी येणाऱ्याला, अशी कल्पना निघाली. ती सुचवणारे बेलकोरचे जोसेफ लेक्लायडर. गंमत म्हणजे दोन्हीकडे सारखा वेग देणाऱ्या आधीच्या पद्धतीमागेही तेच. उरलेले अर्धे उत्तर व्यापाराचे. टेलिफोन कंपन्यांच्या डोळ्यांसमोर तेव्हा तारेवरून घरोघरी सिनेमा दाखवायचे स्वप्न होते. सिनेमा पाहणाऱ्याला वर काय पाठवायचे असते? 'थांब', 'चालू कर', आणि बिलाचे पैसे.

त्यांच्या हिशोबात आपण नव्हतो. ज्यांची माणसे दुसऱ्या देशात आहेत ते लोक पाहतात तेवढेच दाखवतातही. स्काइपवर चित्र दिसू लागले तेव्हा दादाने सांगलीला ब्रॉडबँड घेतले. भाऊबीजेला मी इथे ताट धरून बसले आणि तिकडे दादा म्हणजे हलणारे चौकोन. तो रागावून म्हणाला, "तुझी विलायतेची लाइन अशी कशी?" मी त्याला समजावले की दादा, माझ्याकडे येणारी वाट रुंद आहे, पण ती रिकामी आहे. तुझा वरचा वेग तोच माझा खालचा, आणि माझा वरचा तोच तुझा. दोन घरे बोलत असतील तर जाहिरातीतला मोठा आकडा दोघांच्याही उपयोगाचा नाही. जी बाजू लहान, तेवढेच आपले बोलणे. तो म्हणाला, "म्हणजे सगळे ऐकायलाच बसलेत, बोलायची सोय कुणाला नाही." निवृत्त शिक्षक होता. एका वाक्यात त्याने माझे तासाभराचे व्याख्यान संपवले.

आता तांब्याऐवजी काच येते आहे. काचेच्या तंतूत शेजारच्या तारेचा गलबला नसतो, म्हणजे ते विज्ञानाचे अर्धे उत्तर गेले. तरी घरोघरी जी काच टाकली गेली तिची रूढ पद्धत, जीपॉन, अनेक घरांत मिळून खाली सुमारे 2.5 गिगाबिट आणि वर 1.25 अशीच आहे, आणि विकताना तर वरचा हिस्सा आणखी कापला जातो. खाली 900 आणि वर 110 अशा लाइनी सर्रास दिसतात. घरातले लेसर स्वस्त ठेवायचे होते हे कारण मला मान्य आहे. पण बरेचसे निव्वळ सवयीने चालले आहे, सोवळे गेले तरी कद उरावा तसे. बदल होतो आहे, नाही असे नाही. नव्या पद्धतीचे नाव एक्सजीएस-पॉन, दोन्हीकडे 10 गिगाबिट, आणि त्यातला 'एस' मात्र अगदी कागदोपत्री सिमेट्रिकचाच आहे. इथल्या काही नव्या कंपन्या घरांनाही सारखा वेग देऊ लागल्या आहेत. सांगलीत माझ्या भाच्याकडे तर 100 खाली आणि 100 वर आहे, आणि तो त्याचे कौतुकही करत नाही. दादा ते पाहायला राहिला नाही.

हे सगळे आत्ता लिहायचे कारण घरचे नसून मंडळाचे आहे. आपण कार्यक्रमासाठी ज्या हॉलमध्ये जमतो तिथली लाइन अजून रस्त्यावरच्या पेटीपासून तांब्याचीच आहे. मी मोजले तेव्हा खाली 36 आणि वर 6. गणेशोत्सवाचे थेट प्रक्षेपण गावाकडे, पुण्याला, नागपूरला, कोल्हापूरला बसलेले आई-वडील पाहत असतात. नातीचा नाच सुरू होतो, त्याच वेळी हॉलमधले पन्नास जण आपापले फोटो वर चढवत असतात, आणि तिकडे नात एका पायावर गोठते. एका आजींनी मला फोनवर विचारले होते, "ती पडली का गं?"

लाइन बदलावीच लागणार आहे. कार्यकारिणी दर मागवेल तेव्हा माझी एक विनंती आहे: दर पत्रकात दोन आकडे लिहून घ्यावेत, खालचा आणि वरचा, आणि दोन्हीखाली सही. विक्रेता पहिला आकडा न विचारता सांगेल. दुसरा विचारला की तो बहुधा कागद चाळू लागेल. त्याला चाळू द्यावे, घाई करू नये. चहा ठेवावा.